खालच्या वाडीचा कोंडा

"दार उघड बाई, नाहीतर कुऱ्हाड घालतो," भिवा म्हणाला, आणि त्यानं खरंच खांद्यावरची कुऱ्हाड खाली घेतली.

भिवा माझा चुलत दीर. रागीट माणूस, पण एकट्यानं कधी काही करायचा नाही. त्या दिवशी त्याच्यामागं आमची सगळी खालची वाडी उभी होती, बाप्ये होते तशा बायाही होत्या. सगळ्यांच्या पुढं मी होते, कारण मेलेली कालवड माझी होती. सकाळीच तिला ओढ्याकाठी पुरून आम्ही परस्पर इकडं आलो होतो. माझ्या पायाला खड्ड्याची माती तशीच होती.

दार समाजमंदिराचं होतं. आमच्या साकुरदऱ्यात दोन वाड्या, वरची आणि खालची, आणि मधे टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, हे समाजमंदिर. पावसाळ्याच्या तोंडाला तिथं जनावरांची एक डॉक्टरीण राहायला आली होती. वृषाली खैरनार. कॉलेजात शिकत होती अजून, पण आम्ही डॉक्टरच म्हणायचो. वय असेल सव्वीस-सत्तावीस.

आतली कडी निघाली. ती दारात उभी राहिली. तिनं आमच्याकडं बघितलं, कुऱ्हाडीकडं बघितलं.

"काय फोडायचंय?" तिनं विचारलं.

"तुझं विष," मी म्हटलं.

त्या दिवसापर्यंत मी तिला मॅडम म्हणत होते, अहो-जाहो करत होते.

हे विषाचं कुठून आलं ते सांगते. आमच्याकडं डांगी गुरं. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, कातडीला तेल सुटतं म्हणून पावसात उभी राहिली तरी काही होत नाही. चार महिने ती डोंगरावर भिजत चरतात. पण त्याच चार महिन्यांत पोटात जंत धरतात. वासरं ढाळतात, खंगतात, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागते. आम्ही दवाखान्यातून डोस आणून पाजायचो. आधी एका डोसात वर्ष निघायचं, मग मात्र डोस पाजूनही वासरं तशीच राहायला लागली. जंतांना औषधाची सवय झाली, असं सगळे म्हणत.

तेव्हा ही आली. तिनं दोन्ही वाड्यांना एकत्र बसवलं आणि सांगितलं की एक बुरशी आहे, ती गुरांना रोज कोंड्याच्या गोळ्यातून चारायची, ती जंत खाते.

माणसं उठूनच निघाली होती. बुरा चढलेला पेंढा खाऊन बैल फुगून मेलेले आम्ही सगळ्यांनी बघितलेले, आणि ही बाई सांगणार रोज बुरशी चारा! भिवा म्हणाला, "आमच्याच ढोरांवर कशाला? तुमच्या शहरात नाय का ढोरं?"

पण वरच्या वाडीचा कोंडाजी म्हणाला, आम्हाला चालेल. वरच्या वाडीला कधीही काहीही चालतं, कारण सगळं आधी त्यांच्याकडं पोचतं. नळ त्यांच्याकडं आधी आला, वीज आधी आली, रस्ता तर अजून आमच्यापर्यंत आलाच नव्हता. मला वाटलं, आपण नाही म्हटलं तर हेही त्यांचंच होणार. मी उभी राहिले आणि म्हटलं, आमच्या वाडीलाही द्या.

"दोन्ही वाड्यांना गोळे मिळतील," ती म्हणाली. "फक्त एक शब्द द्या. दिवाळीपर्यंत दुसरं कोणतंही जंताचं औषध पाजायचं नाही. नाहीतर कशाचा गुण आला ते कळणार नाही."

आमच्या वाडीच्या वतीनं तो शब्द मी दिला.

गोळे रोज यायचे. गूळ असायचा त्यात, गुरं धावत यायची. आमचा चरायचा डोंगर वेगळा, वरच्या वाडीचा वेगळा, मधे ओढा. गुरं एकमेकांच्या डोंगरावर सोडायची नाहीत, असंही तिनं बजावलं होतं. दर थोड्या दिवसांनी ती प्रत्येक गोठ्यातून शेण न्यायची.

श्रावण संपता संपता माझी टिकली खंगायला लागली. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली. मोरी गाईची पहिली कालवड. ढाळायला लागली, मग चरायची थांबली. मी डॉक्टरणीला बोलावलं. तिनं पापणी खाली ओढून बघितली. आतली लाली गेली होती, कागदासारखं पांढरं झालं होतं.

"थोडं थांबा ताई," ती म्हणाली. "मी कॉलेजातल्या सरांशी बोलते."

मग टिकलीच्या जबड्याखाली पिशवी आली. मी परत बोलावलं. परत तिनं पापणी बघितली आणि परत म्हणाली, थोडं थांबा.

माझा नवरा गंगाराम कमी बोलणारा. तो फक्त म्हणाला, "मी दवाखान्यातून डोस घेऊन येतो."

"नको," मी म्हटलं. "शब्द दिलाय."

त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि खुंटीची टोपी परत खुंटीला लावली. त्यानंतर आठवडाभरात टिकली गेली. मोरीच्या पुढ्यातच गेली. मोरी रात्रभर तिला चाटत होती.

सकाळी वाडी जमली तेव्हा भिवा म्हणाला ते सगळ्यांना पटलं. बुरशीनं मेली. आज हिची, उद्या आपली. डॉक्टरीण मात्र सुखात.

असे आम्ही त्या दारात येऊन उभे होतो.

"विष नाही ते," ती म्हणाली. "पण फोडायचं असेल तर फोडा. मी एकटी आहे, अडवू शकत नाही. फक्त आधी कुणीतरी आत येऊन बघा."

"काय बघायचं?" भिवा ओरडला.

"चांगुणाताईंनी बघावं. ढोर त्यांचं गेलंय. बघूनही त्या विष म्हणाल्या तर मी स्वतःच्या हातानं फोडीन."

मागून कुणी म्हणालं, जाऊ नको, काहीतरी करील. मी आत गेले.

आत एक कॉट, एक स्टोव्ह, एक लोखंडी कपाट. बाकी सगळीकडं बशा. काचेच्या, झाकण असलेल्या, फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या. वास शेणाचाच, पण ओल्या लाकडासारखा काहीतरी दुसरा वासही त्यात मिसळला होता. भिंतीला पोत्यांच्या दोन थप्प्या, एका थप्पीला लाल सुतळी, दुसऱ्या थप्पीला निळी. आमच्याकडं लाल सुतळीची पोती यायची, हे मला माहीत होतं. त्यात काही अर्थ असेल असं कधी वाटलं नव्हतं.

खिडकीशी दुर्बिणीसारखं यंत्र होतं, खाली तोंड केलेलं. तिनं एक बशी त्याखाली ठेवली.

"एक डोळा मिटा आणि यातून बघा. हे कोंडाजींच्या गाईचं शेण आहे."

आधी नुसता पांढरा उजेड दिसला. तिनं बाजूचं चाक फिरवलं आणि एकदम काहीतरी वळवळलं. मी मागं सरले.

"घाबरू नका. जंतांची पिल्लं आहेत. शेणाबरोबर बाहेर पडलेली अंडी फुटली की ही निघतात. मोठी झाली की ओल्या गवताच्या पात्यावर चढतात आणि गुरं चरताना परत पोटात जातात. बघा परत."

मी परत डोळा लावला. पिल्लं बारीक, दोऱ्यासारखी. त्यांच्याभोवती आणखी बारीक धाग्यांचं जाळं पसरलेलं. ओढ्यात आमचे लोक मासे धरायला लावतात तसंच, पण याचे फास गोल गोल. एक पिल्लू मानेपाशी चिकटलं होतं आणि शेपटी आपटत होतं, खूप जोरात आपटत होतं. त्याच्या शेजारी दुसरं निपचित पडलं होतं. तिसऱ्याचं आतलं सगळं गेलं होतं, नुसती साल उरली होती, आणि त्या सालीच्या आतून धागे वाढले होते.

"ही बुरशी," ती माझ्या कानाशी बोलत होती. "गाईला काही करत नाही. तोंडातून जाते, पोटातून निघते आणि शेणात येऊन उगवते. तिथं ती यांना धरते. गवतावर चढूच देत नाही."

मी बघतच राहिले. खरं सांगायचं तर तेवढा वेळ मी टिकलीला विसरले होते. शेपटी आपटणारं पिल्लू हळूहळू मंद झालं.

मग आठवलं.

"माझ्या टिकलीचं शेण हाये का इथं?"

फळीकडं गेलेला तिचा हात थांबला.

"आहे."

"ते दाखव."

"आता कशाला ताई? ती गेली. उगाच—"

"दाखव म्हटलं."

बाहेरून भिवा ओरडला, "काय चाललंय आत?" ती फळीपाशी उभी राहिली. मला वाटलं ती दुसऱ्याच कुणाची बशी काढील. मला काय कळणार होतं? पण तिनं शोधून एक बशी काढली आणि यंत्राखाली ठेवली. मग चाक फिरवलं.

मी डोळा लावला.

पिल्लंच पिल्लं. एकमेकांवर चढलेली, गुंतलेली, वळवळणारी. कुणी पकडलेलं नाही, मेलेलं नाही. धागा एकही नव्हता.

"जाळं कुठंय?" मी विचारलं.

तिनं पहिली बशी उचलून फळीवर ठेवली.

"इथं जाळं कुठंय?"

"नाही."

"का नाय?"

"तुमच्या वाडीच्या गोळ्यात बुरशी नव्हती ताई. नुसता कोंडा आणि गूळ होता."

मी डोळा काढला आणि तिच्याकडं वळले. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"एका डोंगरावर बुरशी द्यायची, एका डोंगरावर द्यायची नाही," ती म्हणाली. "दोन्हीकडं सगळं सारखं ठेवायचं. मग दोन्हीकडची गुरं तपासायची. तसं केलं तरच कळतं की बुरशीचा गुण खरा आहे. सगळीकडं असंच करतात."

"तू म्हणालीस दोन्ही वाड्यांना गोळे मिळतील."

"गोळे मिळाले."

तिनं हे हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं. गोळे मिळाले होते, तेवढं खरं होतं.

"मग आमचीच वाडी का? कोंडाजीनं सांगितलं?"

"नाही. कुणीच सांगितलं नाही. कुणाला झुकतं माप नको म्हणून सरांनी नाणं उडवलं."

"नाणं?"

"तुमच्या वाडीच्या नावानं. छापा पडला तर बुरशी, काटा पडला तर नुसता कोंडा."

"तू होतीस तिथं?"

"होते."

"माझी कालवड बघायला आलीस. पापणी ओढून बघितलीस. तेव्हा तुला ठावं होतं?"

"पोटात खूप जंत आहेत हे मोजणीत आलं होतं. मी सरांना विचारलं, एवढ्या एका वासराला डोस देऊ का. ते म्हणाले पुढच्या तपासणीपर्यंत थांब."

"आणि तू थांबलीस."

"थांबले."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती सरळ माझ्याकडं बघून बोलत होती आणि माझा संताप त्यामुळंच जास्त वाढला. मी तिच्या कानाखाली मारली. शेण उचलणारा, नांगराच्या मागं चालणारा हात आहे माझा. ती फळीवर आदळली, दोन बशा खाली पडून फुटल्या.

तो आवाज बाहेर गेला आणि त्यांना वाटलं झालं, विषच आहे. भिवा कुऱ्हाड घेऊन आत शिरला, त्याच्यामागं आणखी पाच-सहा जण. त्यानं पहिल्या फळीवर कुऱ्हाड उगारली.

"थांब!" मी मधे गेले.

"का थांबू?"

मी काय सांगते याची सगळे वाट बघत होते. मला तेव्हाच दिसत होतं की विष आहे म्हटलं तर पुढचं सोपं होतं. सगळं फोडून टाकलं असतं, बाई निघून गेली असती, टिकली बुरशीनं मेली असं कायमचं ठरलं असतं. खरं सांगितलं तर मीच उघडी पडणार होते. वाडीला नुसत्या कोंड्यावर मीच बसवलं होतं, डोस मीच अडवला होता. शिवाय या माणसांच्या हातात कुऱ्हाडी होत्या, आणि वरची वाडी हाकेच्या अंतरावर होती.

"विष नाय त्यात," मी म्हटलं. "औषध हाये. चांगलं औषध हाये. मी डोळ्यांनी बघितलं, जंत मारतंय. पण ते वरच्या वाडीला दिलं. आपल्याला नुसता कोंडा दिला."

मग भिवानं कुऱ्हाड खाली केली आणि विचारलं, "कोंडाजीनं काय चारलं हिला?"

"काय नाय चारलं. नाणं उडवलं. आपल्या नावाचा काटा पडला."

दारातून म्हातारी ठकूआजी म्हणाली, "पडणारच. आपल्या नावानं कधी छापा पडलाय?"

कुणी हसलं नाही. भिवा डॉक्टरणीकडं वळला. तिच्या गालावर माझी बोटं उठली होती.

"वरच्या वाडीचा माल कुठला?"

तिनं निळ्या सुतळीच्या थप्पीकडं हात केला. विचार न करता केला, की करूनच केला, मला सांगता येणार नाही. मग म्हणाली, "ती पोती नेलीत तर माझं दोन वर्षांचं काम संपेल. परत पहिल्यापासून करायला मला कुणी देणार नाही."

"माझी कालवड संपली," मी म्हटलं आणि पहिलं पोतं मीच ओढलं.

जी माणसं बुरशी नष्ट करायला आली होती, तीच आता बुरशीची पोती खांद्यावर घेऊन पळायला लागली. भिवानं दोन पोती घेता यावीत म्हणून कुऱ्हाड तिथंच भिंतीला टेकवून ठेवली.

टेपाच्या उतारावर कोंडाजी आणि वरच्या वाडीची माणसं आडवी आली. गलका ऐकून पळत आली होती. कोंडाजीनं भिवाच्या खांद्यावरच्या पोत्याला हात घातला.

"आमच्या गुरांचा माल हाये तो!"

"आता आमच्या गुरांचा."

"मग आमच्या गुरांचं काय व्हायचं?"

"आमच्यांचं झालं तेच," मी म्हटलं.

ओढाओढीत पोतं उसवलं. कोंडा चिखलात सांडला. भिवानं कोंडाजीला ढकललं, कोंडाजीच्या पोरानं दगड उचलला. वाडीवाडीचं वैर जुनं होतं, त्याला इतकी वर्षं नीट कारण मिळालं नव्हतं. आज मिळालं होतं.

तेवढ्यात वरून समाजमंदिराच्या पायरीवरून ती ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"नुसतं ते चारून तुमची गुरं वाचणार नाहीत!"

सगळे वर बघायला लागले.

"बुरशी शेणातले जंत मारते! पोटात आधीच असलेल्यांना ती काही करत नाही! खालच्या वाडीच्या वासरांना आज डोस पाजला नाही तर ती त्या कालवडीमागून जातील! हा वेगळा डोस आहे, नवीन. माझ्याकडं आहे, सगळ्यांना पुरेल एवढा आहे!"

"कुठंय?" मी खालून विचारलं.

"कपाटात."

कपाटात होता. ती पापणी ओढून बघत होती, थांबा म्हणत होती, गंगाराम टोपी खुंटीला लावत होता, तेव्हा डोस तिच्या लोखंडी कपाटात होता.

कोंडाजीचं पोरगंही दगड धरून तसंच उभं राहिलं. मी टेप चढून परत वर गेले. मला वाटतं मी तिला परत मारणार आहे असंच सगळ्यांना वाटलं. तिलाही वाटलं असावं, पण ती मागं सरली नाही.

"घे बाहेर," मी म्हटलं. "चल."

त्या दिवशी आम्ही दोघींनी खालच्या वाडीतली सगळी गुरं केली. मी जबडा धरायची, ती नळी आत घालून डोस सोडायची. गोठ्यागोठ्यातून लोक तिला शिव्या देत होते, तोंडावर देत होते. ती एवढंच विचारायची, "वजन किती असेल? गाभण आहे का?" कुणी उत्तर देत नव्हतं. मग मी सांगायची. दिवसभरात आमच्यात दुसरं बोलणं झालं नाही. कुणी तिला पाणीही दिलं नाही, मीही नाही. मोरीची पाळी आली तेव्हा मोरीनं मान झटकली आणि तिचं शिंग डॉक्टरणीच्या दंडात घुसलं, रक्त आलं. मी मोरीला घट्ट धरलं. बाईकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे सर जीपमधून आले. उंच, पांढरे केस, बोलणं धारदार. समाजमंदिरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी पोती मोजली आणि ओरडायला लागले. लूट झाली, पोलिसात द्यायचं, कोण पुढं होतं? मी भिवाची कुऱ्हाड आणायला आले होते, दारातच उभी होते. मनात म्हटलं, आता ही माझ्याकडं बोट करील. गालावरचे वळ अजून निळे होते.

"लूट नाही सर," ती म्हणाली. "मीच वाटलं."

"तू वाटलंस? कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"आणि हे गालावर काय आहे?"

"गाईचं शिंग लागलं."

सर परत एकदा उरलेल्या पोत्यांपाशी जाऊन आले. मग म्हणाले, "तुझं इथं संपलं, कळतंय का तुला?" ती म्हणाली कळतंय. त्याच जीपमधून ती गेली. मी कुऱ्हाड उचलून घरी आले. तिला थांबवलं नाही, की काही बोलले नाही. तिनं पोलीस टाळले म्हणून टिकली परत आली नव्हती.

पोती शेवटी दोन्ही वाड्यांनी वाटून घेतली. कोंडाजीनं नळाचं पाणी खाली सोडायचं कबूल केलं, तेव्हाच आमच्या लोकांनी अर्धी वर जाऊ दिली. तिनं मागं ठेवलेला डोस वरच्या वाडीनंही आपल्या गुरांना पाजला. त्या पावसाळ्यात आमचं आणखी वासरू गेलं नाही. पुढच्या वर्षीही गुरं बरी होती. पण पोती संपली होती, आणि भांडण वेगळंच सुरू झालं. भिवा म्हणायचा बुरशीनं वाचली, आपण ती परत मागवू. कोंडाजी म्हणायचा बुरशी काही नाही, त्या नव्या डोसानं वाचली, डोसच मागवू. दोघं पारावर बसून तासतास वाद घालायचे. कुणालाच सांगता येत नव्हतं. दोन्ही डोंगरांवर दोन्ही दिलं होतं. मी ऐकत बसायची आणि माझ्या डोळ्यांपुढं एक जाळ्याची, एक बिनजाळ्याची, अशा त्या दोन बशा यायच्या. त्या दोन होत्या म्हणून मला कळलं होतं. एकच असती तर मीही भिवासारखी विष विष ओरडत बसले असते. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

सात-आठ वर्षांनी ती परत आली. आता जीप तिची होती आणि बरोबर शिकणारी दोन मुलं होती. जाड झाली होती, केस कापले होते. समाजमंदिरात दोन्ही वाड्या बसल्या. ओळख काढायच्या आधीच तिनं सुरुवात केली.

"परत तेच काम आहे. एका वाडीला बुरशी मिळेल, एका वाडीला नुसता कोंडा. कुणाला काय ते नाणं ठरवेल आणि मी सांगणार नाही. पण ज्याचं वासरू खंगेल त्याला त्याच दिवशी डोस मिळेल. ते वासरू आमच्या मोजणीतून गेलं तरी चालेल. पटत नसेल तर नाही म्हणा, मी जाते."

कोंडाजी म्हातारा झाला होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"त्या दिवशी डोस द्यायचा की नाय, हे कोण ठरवणार?" मी विचारलं.

"मी ठरवीन."

"मग नाय."

तिच्याबरोबरचा एक मुलगा काहीतरी सांगायला लागला. तिनं त्याला हातानं थांबवलं.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"डोस माझ्या घरात राहील. पापणी मी बघीन. पांढरी दिसली की मी पाजीन, तुला मागनं कळवीन. वरच्या वाडीचा डोस कोंडाजीच्या सुनेकडं राहील. असं चालत असेल तर आमच्या वाडीला नुसता कोंडा आला तरी चालेल."

"असं केलं तर सगळं बिघडतं मॅडम," तो मुलगा म्हणाला. "कुणी उगाच पाजलं तर?"

"तर ते उगाच पाजतील," ती म्हणाली.

तिनं खाली वाकून पिशवीतून डोसाची बाटली काढली. समाजमंदिरातल्या सगळ्या माणसांतून चालत माझ्यापर्यंत आली आणि ती माझ्या हातात दिली. किती वजनाला किती, ते सांगितलं. मी दोनदा म्हणून दाखवलं.

"या खेपेला आमच्या वाडीला काय पडलंय?" भिवानं मागून विचारलं.

"नाणं अजून उडवलं नाही," ती म्हणाली. "उडवल्यावरही सांगणार नाही."

"नको सांगू," मी म्हटलं, आणि बाटली पदरात गुंडाळून घरी निघाले.